मातीचा निरीक्षण मनोरा: जागा आणि माती अचूक, पाण्याचा हिशेब अर्धवट

रावेर-यावल पट्ट्यात केळीचे मळे संपतात आणि सातपुड्याचा मुरमाड चढ सुरू होतो, तिथे एका शेती-पर्यटन केंद्रासाठी मातीचा निरीक्षण मनोरा उभा राहिला आहे. आराखडा आणि बांधणी दोन्ही एकाच पथकाने केली. मनोऱ्यावरून दोन पावसाळे गेले आहेत. म्हणजे काय टिकलं आणि काय वाहून गेलं हे आता भिंतीवर वाचता येतं. पाचपैकी साडेतीन गुण. जागेची निवड आणि मातीचं मिश्रण यांना पूर्ण गुण. दीड गुण गेला तो पावसाचं पाणी भिंतीवरून कसं उतरेल याचा विचार अर्ध्यावर सोडल्यामुळे. अशी बांधणी करून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण करारात काही गोष्टी आधी लिहून घ्या. त्या पुढे येतीलच.

आधी जागेबद्दल, कारण मनोरा परिसरात मिसळतो की नाही ते निम्म्याहून जास्त जागेवर ठरतं. रंगाचा नंबर नंतर. हिरवा ऑइलपेंट मारलेला लोखंडी मनोरा श्रावणात शोभतो आणि मे महिन्यात, सगळा डोंगर वाळल्या गवताच्या रंगाचा झाल्यावर, दुरूनच डोळ्यात खुपतो. खान्देशात वर्षातले सात-आठ महिने जमीन पिवळट-तपकिरीच असते, त्यामुळे इथे मातीच्या रंगाला मुळातच झुकतं माप आहे. तरीही मातीचा मनोरा टेकडीच्या माथ्यावर ठेवला तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्याचा चौकोनी आकार उठून दिसणारच. या पथकाने तो माथ्याच्या बराच खाली, उताराच्या पोटात घेतला आहे. मागे कडुनिंब आणि अंजनाची झाडं आहेत, त्यांचे शेंडे 11-12 मीटरवर, आणि मनोऱ्याचं छप्पर 8.4 मीटरवर थांबतं. गावाकडच्या रस्त्यावरून, नाल्यातून आणि खालच्या पाणवठ्यावरून, तिन्हीकडून पाहिलं तरी मागे झाडं किंवा डोंगर येतो, आभाळ येत नाही.

हे तपासायला कागदावरचा नकाशा पुरत नाही. मनोऱ्याच्या पूर्ण उंचीएवढा बांबू जागेवर उभा करायचा, शेंड्याला गोणपाट बांधायचं आणि प्राणी व माणसं जिथून पाहणार त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन बघायचं. एकदा सकाळी, एकदा सूर्य मावळतीला असताना. सावली कुठे पडते तेही त्याच वेळी कळतं. मनोऱ्याची लांब सावली संध्याकाळी पाणवठ्यावर पडत असेल तर जागा बदला. पाण्यावर येणारी रोही आणि रानडुकरं अशा हलत्या-वाढत्या काळ्या आकाराला बिचकतात.

आता माती. पायथ्याच्या शेतातली काळी माती भिंतीला चालत नाही, कितीही हाताशी असली तरी. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा देते. तापीकाठची पिवळी गाळाची माती चांगली, पण एकटी फार मऊ आणि पिठाळ. तिच्यात चुनखडीचे खडे असतात, ते 20 मिमीच्या चाळणीतून काढून टाकावे लागतात. इथे मापाने 4 भाग पिवळी माती, 4 भाग चाळलेला मुरूम आणि 1 भाग नदीची वाळू असं मिश्रण वापरलं आहे. मुरूम मनोऱ्याच्याच उतारावरचा आहे, पायाच्या खोदाईतून निघालेला आणि थोडा शेजारच्या खड्ड्यातला. रंग जुळण्याचं कारण हेच आहे. वेगळा रंग घातलेलाच नाही.

प्रमाण 4-4-1 आहे म्हणून तुमच्याकडेही तेच घाला असं मात्र नाही. सरळ बाजूच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून एक दिवस ठेवा. खाली रेती-खडे, मध्ये पोयटा, वर चिकणमाती असे थर दिसतात. रेती-खडे 65 ते 70 टक्के आणि चिकणमाती 15 ते 20 टक्के असेल तर धुम्मसाच्या भिंतीला, म्हणजे साच्यात थर टाकून जड धुम्मसाने ठोकलेल्या भिंतीला, माती योग्य. नंतर 60 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद, 4 सेंमी खोल अशा लाकडी पेटीला आतून तेल लावून तिच्यात ओली माती दाबून भरा आणि सावलीत वाळू द्या. वाळल्यावर सगळे तुकडे एका टोकाला सरकवून मोकळी जागा मोजा. 12 मिमीच्या आत असेल तर पुढे जा, जास्त असेल तर वाळू-मुरूम वाढवा. पथकाने या दोन्ही चाचण्या केल्या होत्या. 30 सेंमी घनाचे तीन नमुना ठोकळे करून आठवडाभर उतारावर ठेवले आणि पन्नास पावलांवरून पाहून रंग नक्की केला. ओल्या मातीचा रंग फसवतो, वाळल्यावर ती दोन छटा फिकी होते.

एक चाचणी मात्र राहिली आणि तिची किंमत पुढे मोजावी लागली. वाळलेला ठोकळा थोडा तिरका ठेवायचा, 40 सेंमी उंचीवरून 100 मिली पाणी थेंबथेंब एकाच जागी पडू द्यायचं, वीस मिनिटांपेक्षा घाई न करता. खड्डा 5 मिमीपर्यंत असेल तर माती पाऊस सोसेल. 10 च्या पुढे गेला तर भिंतीला पावसापासून जपावं लागेल, आणि 15 च्या पुढे गेला तर ते मिश्रण बाहेरच्या भिंतीला नकोच. याच मिश्रणाचा उरलेला एक ठोकळा तपासल्यावर 11 मिमी खड्डा पडला. म्हणजे मिश्रण वाईट नाही, पण उघड्यावर सोडण्यासारखंही नाही.

मातीबद्दल आणखी एक कळकळीची सूचना. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडातून किंवा पडक्या गढीतून माती आणू नका. धाब्याच्या घरांच्या मातीच्या छपरासाठी आणि शेतासाठी ती उचलण्याची जुनी सवय आहे, पण ही टेकाडं म्हणजे जुन्या वस्त्यांचे थर आहेत. बहाळ आणि प्रकाशे इथल्या उत्खननांत ताम्रपाषाण काळापर्यंतच्या खुणा अशाच टेकाडांतून निघाल्या. बांधकामाच्या बाजूनेही ती माती वाईटच. राख आणि क्षार भरपूर असल्याने भिंतीला लोणा लागतो आणि पृष्ठभाग भुसभुशीत होऊन गळतो.

पाया नीट आहे. वरचा 90 सेंमी काळ्या मातीचा थर पूर्ण काढून खाली पक्क्या मुरमात 60 सेंमी उतरले आहेत, म्हणजे एकूण 1.5 मीटर. पायाची रुंदी 1.2 मीटर, काळा दगड आणि चुना. भिंतीचं वजन साधारण 64 टन भरतं. एवढा भार काळ्या मातीवरही एखादा उन्हाळा उभा राहील, पण पहिल्या पावसात एक कोपरा उचलला जाईल आणि दारावरून तिरपी भेग निघेल. पायाभोवती काढलेली काळी माती परत भरली नाही, मुरूम भरला, हे विशेष चांगलं केलं.

जोतं मात्र बुटकं ठेवलं. जमिनीपासून फक्त 30 सेंमी दगड आणि त्यावर लगेच माती. पावसाचा थेंब जमिनीवर आपटून सहज 40-50 सेंमी उडतो. दोन पावसाळ्यांत जोत्यावरची पहिली 20 सेंमी माती बोटभर आत गेली आहे. जोतं 60 सेंमी हवं होतं आणि भोवती मीटरभर रुंदीचा खडीचा पट्टा, म्हणजे थेंब फुटून जिरला असता. एकूण कामाचा विचार करता दगडाच्या त्या वाढीव 30 सेंमीचा खर्च नगण्य. बहुधा जोतं कमी दिसलं तर मनोरा जमिनीतूनच उगवल्यासारखा दिसेल, असा हेतू असावा. हेतू चुकीचा नाही. पण काळा दगडही याच डोंगराचा आहे, तो परका दिसला नसता.

मनोरा चौकोनी, बाहेरून 3.6 मीटर बाजूचा. खालच्या मजल्याची भिंत 60 सेंमी, वरच्याची 45, प्रत्येक मजला 2.7 मीटर. मातीच्या बांधकामासाठीचं भारतीय मानक 13827 (1993) भिंतीची उंची जाडीच्या आठपटीत ठेवायला सांगतं. इथे वरच्या मजल्याला सहापट येते, म्हणजे हात राखून. सातपुड्यात मार्च 1938 मध्ये मोठा भूकंप झाला होता, तेव्हा आपल्या भागात ही काळजी शोभेची नाही. जाडीतला 15 सेंमी फरक आतल्या बाजूला घेतला आहे. त्यामुळे तिथे आपोआप कट्टा तयार होतो आणि त्यावर पहिल्या तक्तपोशीचे (फळ्यांच्या जमिनीचे) सर, म्हणजे आडव्या तुळया, टेकतात. भिंतीत खाचा पाडाव्या लागल्या नाहीत. प्रत्येक मजल्याच्या माथ्यावर भिंतीत 50 × 100 मिमीच्या दोन समांतर सागवानी पट्ट्या चारही बाजूंनी फिरवून कोपऱ्यांत अडकवल्या आहेत. लाकडाचा हा पट्टा दिसत नाही, पण चार भिंती एकत्र बांधून ठेवतो तो हाच. आराखड्यातली ही सगळ्यात समंजस गोष्ट.

भिंतीला धुम्मस केलेली माती सुमारे 33 घनमीटर लागली. सुटी माती त्याच्या दीडपट धरा, म्हणजे साधारण 18 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). चाळण्यात आणि सांडण्यात जाते ती धरून 20 ब्रास मागवा. 15 सेंमी सुटा थर टाकून तो 10 सेंमीवर बसेपर्यंत ठोकायचा. असे 54 थर. सहा माणसं दिवसाला दीड घनमीटर करतात, म्हणजे बावीस-तेवीस कामाचे दिवस फक्त भिंतीचे. ओलावा बरोबर आहे का, हे मुठीवर कळतं. मुठीत गोळा दाबून छातीच्या उंचीवरून टाका. चार-सहा तुकडे झाले तर ठीक, भुगा झाला तर पाणी कमी, चपटा होऊन एकसंध राहिला तर जास्त. ही परीक्षा प्रत्येक थराला करायची, कारण खान्देशातल्या फेब्रुवारीच्या उन्हात सकाळी भिजवलेली माती अकरा वाजेपर्यंत कोरडी पडते. उत्तरेच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला सलग तीन थर हाताने खरवडले तरी सुटतात, ते बहुधा अशाच कोरड्या मातीचे. धुम्मसाचा आवाज ऐकत राहा. थर बसत नाही तोवर तो बद्द येतो, बसला की टणक येतो. आवाज बदलण्याआधी पुढची पाटी ओतू द्यायची नाही.

साच्यासाठी 18 मिमी प्लायवूड आणि मागे लोखंडी चौकोनी नळ्या, आरपार बोल्ट. बोल्टांची भोकं त्याच मातीने बुजवली आहेत, ती दिसतसुद्धा नाहीत. कोपरे 4 सेंमीने तासलेले आहेत, हे उत्तम. मातीचा काटकोनी कोपरा पहिल्याच उन्हाळ्यात झडतो.

थरांच्या रेघा भिंतीवर उघड्या सोडल्या आहेत आणि इथे मनोरा खरोखर सुंदर झाला आहे. शेजारच्या नाल्याची दरड पाहा. पिवळ्या मातीचा थर, मध्ये मुरमाची पट्टी, पुन्हा पिवळी. भिंतीतही काही थरांत मुरूम थोडा वाढवून तसाच आडवा पोत आणला आहे. दुपारी चारच्या उन्हात भिंत आणि दरड एकाच हाताने केल्यासारखी वाटतात.

आता मुख्य दोष. वरची गच्ची 5.4 मीटरवर, चारही बाजूंनी उघडी, आणि तिच्यावर गवताचं उतरतं छप्पर. छप्पर भिंतीच्या 90 सेंमी बाहेर येतं. कागदावर हे भरपूर वाटतं. पण छपराची कड भिंतीच्या माथ्यापासून दोन मीटर वर आहे. वाऱ्याचा पाऊस उभ्या रेषेपासून 30 अंश तिरका आला तर 90 सेंमी कड फक्त दीड मीटर खालपर्यंत आडोसा देते. भिंत सुरू होते दोन मीटरवर. म्हणजे अशा पावसात छपराचा भिंतीला काहीच उपयोग नाही, ते फक्त वर उभ्या असलेल्यांचं डोकं झाकतं. नैऋत्येच्या कोपऱ्यावर आणि पश्चिमेच्या बाजूवर हे स्पष्ट दिसतं. तिथे भिंतीवर बोटभर रुंदीचे उभे ओघळ पडले आहेत, काही ठिकाणी 2 सेंमी खोल. पूर्वेची भिंत जवळजवळ नवी आहे.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही हवेत. पहिला, गच्चीच्या पातळीवर 75 सेंमीचा कौलारू छज्जा, सगळीकडून. तो वरच्या सव्वा मीटर भिंतीला वाचवतो आणि गच्चीवरून निथळणारं पाणीही दूर टाकतो. दुसरा, त्याखाली दर 50 सेंमीला भिंतीत चपट्या दगडाची किंवा भाजलेल्या कौलाची एक आडवी ओळ, पृष्ठभागाच्या 3 सेंमी बाहेर. खाली येणारं पाणी प्रत्येक ओळीवर अडखळतं, वेग धरत नाही, आणि ओघळ पडत नाहीत. ही ओळ बांधतानाच थरांमध्ये बसवावी लागते, नंतर बसत नाही. दिसायलाही ती दरडीतल्या दगडाच्या पट्टीसारखीच दिसते, म्हणजे मिसळण्याचा हेतू बिघडत नाही. उभ्या असलेल्या मनोऱ्याला आता छज्जाच बसवता येईल, आणि तो बसवायलाच हवा.

ओघळ दिसल्यावर जी दुरुस्ती झाली ती मूळ दुखण्याहून वाईट. पश्चिमेला खालच्या मीटरभर भागावर सिमेंटचा गिलावा मारला. मातीची भिंत ओलाव्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते, सिमेंट तेवढं करत नाही. दोघांत फट पडते, पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. गिलाव्यावर ठोकलं तर आता पोकळ आवाज येतो, आणि खालच्या कडेला तो ताटासारखा सुटला आहे. हा सगळा गिलावा उतरवून त्याच मातीत चाळलेली रेती, गव्हाचा भुसा आणि शेण मिसळून चार दिवस कुजवलेल्या गाऱ्याचं लिंपण द्यावं, दोन हातांत, पहिला हात वाळल्यावर दुसरा. सिमेंट वापरायचंच होतं तर ते मातीच्या आत, तळाच्या 90 सेंमी थरांत वजनाने 5 टक्के घालायचं होतं. हिशेबाने ते जेमतेम बारा पोती होतं. तेवढ्याने तळ धुपला नसता आणि बाकीची भिंत शुद्ध मातीची राहिली असती.

जिना ही दुसरी तक्रार. आतल्या 2.4 मीटर जागेत एका सरळ रेषेत 2.7 मीटर चढायचं, 12 चढ, प्रत्येक पायरी 20 सेंमी रुंद. जिना 2.2 मीटर जागा खातो आणि पायथ्याशी फक्त 20 सेंमी उरतात. दारातून पाऊल टाकलं की थेट पायरीवरच. लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना उतरताना त्रास होतो. दोन भिंतींना धरून काटकोनात वळणारा जिना याच जागेत बसला असता. तक्तपोशी मजबूत आहे, 100 × 150 मिमीचे सर 60 सेंमीवर, एका वेळी आठ माणसांना चिंता नाही. तसा फलक मात्र लावलेला नाही, तो हवा.

पाहण्याच्या खिडक्या बाहेरून 20 सेंमी रुंद आणि आतून 60 सेंमीपर्यंत उमलत्या आहेत. आत बसलेला माणूस हलला तरी बाहेरून कळत नाही, आणि कॅमेऱ्याला कोन भरपूर मिळतो. बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून 110 सेंमीवर त्यांचा मध्य येतो. उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे. यात सुचवण्यासारखं काही नाही. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या दुपारीही खालचा मजला बसण्याजोगा राहतो. जाड भिंतीतून दिवसाची धग आत पोचेपर्यंत रात्र होते. म्हणून दुपारी खाली आणि रात्री गच्चीवर, असा वापर ठेवावा.

छपराचे चार खांब गच्चीच्या लाकडी पट्ट्याला खिळ्यांनी जोडले आहेत. केळीच्या बागा आडव्या करणारं मे-जूनचं वादळ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे पटणार नाही. गवताचं छप्पर वजनाने हलकं, वारा ते खालून उचलतो. प्रत्येक खांबाखाली 12 मिमीची सळई भिंतीत दीड मीटर खोल सोडून तळाशी लोखंडी पट्टीत अडकवलेली हवी. भिंत ठोकतानाच ती घातली तर हे घंटाभराचं काम आहे. आता बाहेरून कोपऱ्यांवर पट्ट्या मारून खांब खालच्या लाकडी पट्ट्यापर्यंत बांधता येतील.

देखभालीत तीन गोष्टींवर डोळा ठेवा. जोत्याभोवती घुशीची बिळं दिसली की लगेच खडी ठोकून बुजवा, पायाखालची माती त्या पोकळ करतात. छपराच्या आतल्या बाजूला आग्या मोहोळ बसतं. ते उन्हाळ्याच्या तोंडाला तपासावं आणि मोहोळ असेल तर पर्यटकांना वर सोडूच नये. वाळवीसाठी सागाची टोकं भिंतीत जातात तिथे मोकळी हवा लागेल अशी बोटभर फट ठेवली आहे, ती मातीने बुजवू नका. भिंतीवर वेली चढवण्याचा मोह टाळा. दिसायला छान, पण वेलीखाली भिंत वाळत नाही. हिरवाई हवी तर दोन मीटर अंतरावर पळस, बोर, करवंद लावा.

काम कधी काढायचं तेही ठरवून घ्या. पाया दिवाळीनंतर, भिंत डिसेंबर ते फेब्रुवारी, छप्पर आणि छज्जा एप्रिल संपण्याच्या आत. मार्चमध्ये सुरू केलेली भिंत पहिल्या वळवाला उघडी सापडते. पथकाशी दर ठरवताना चौरस फुटावर ठरवू नका, धुम्मस केलेल्या घनमीटरवर ठरवा, कारण चौरस फुटाच्या दरात भिंतीची जाडी पहिली कमी होते. करारात जोत्याची उंची 60 सेंमी, गच्चीखाली 75 सेंमी छज्जा, पश्चिम-नैऋत्येला दर 50 सेंमीला दगडाची ओळ, छपराच्या सळया आणि ठोकळ्यावरची थेंबाची चाचणी हे पाच मुद्दे शब्दांत असू द्या. माणसं वर चढणार आहेत, तेव्हा आराखड्यावर बांधकाम अभियंत्याची सही घ्या. आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, पश्चिमेची भिंत जवळून पाहून मगच द्या.